मदत हवी आहे: ऑडी टीटीचे स्पार्क प्लग बदलायचेत, कोल्ड टाकू की कंपनीने सांगितलेलेच?

टर्बोठाणेकर

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो की मी मेकॅनिक नाही, ऐरोलीला आयटीत खर्डेघाशी करतो आणि रविवारी हात काळे करायची हौस आहे एवढंच, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसा पण उत्तर द्या.

गाडी ऑडी टीटी, २०१२ ची, २.० टीएफएसआय (म्हणजे टर्बोवालं पेट्रोल इंजिन). गेल्या दिवाळीत सेकंड हँड घेतली, आता ६१ हजार किमी झालेत. रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) वगैरे काही नाही, एकदम स्टॉक. राहायला घोडबंदर रोडला, कासारवडवलीत, म्हणजे स्पोर्ट्स कार घेऊन रोज सकाळी कापूरबावडीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं आणि बाजूचा रिक्षावाला मान वाकवून विचारणार, साहेब मायलेज किती देते? असो.

पंधरा दिवसांपासून सकाळी थंड गाडी चालू केली की मिनिटभर थरथरते, मग आपोआप ठीक होते. पेट्रोलमध्ये कचरा आला असेल म्हणून दुर्लक्ष केलं. पण परवा रविवारी पहाटे पाम बीचला रस्ता मोकळा होता म्हणून जरा दाबली, तर टर्बो भरला की झटके द्यायला लागली आणि इंजिन लाइट नुसती लागली नाही, लुकलुकायला लागली. घाबरून पाय काढला आणि हळूहळू घरी आणली. मित्राकडचा स्कॅनर लावला तर पी०३०० आणि पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय, नीट पेटत नाहीये, एवढं गुगल करून कळलं.

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजला दाखवली (नाव नको). त्याने इंजिनचं कव्हरही न काढता निकाल दिला की चारही कॉइल (प्लगला हाय व्होल्टेज देतात त्या) गेल्यात, चारही बदला, आणि प्लग आपण कोल्ड टाकू, स्पोर्ट्स कारला कोल्डच लागतात, पॉवर वाढते. आकडा ऐकून मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर पडलो.

तर हे कोल्ड प्लग नक्की काय प्रकरण आहे? मला वाटलेलं प्लग म्हणजे प्लग. इरिडियम घ्यावेत की प्लॅटिनम? आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः बदलू शकतो का? खाली दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की आमच्या अ‍ॅक्टिवाचा तर मी दोन मिनिटांत बदलतो.

तुर्भेवाला

भाऊ, सगळ्यात आधी गाडी उभी कर. लाइट लुकलुकते म्हणजे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जाऊन जळतं. तो कन्व्हर्टर वितळला तर आज ऐकलेला आकडा स्वस्त वाटेल.

दुसरं म्हणजे चार कॉइल एकदम कशाला? कोड फक्त दोन नंबरचा आहे ना. दोनची कॉइल काढून तीनवर लाव, तीनची दोनवर, कोड उडव आणि पार्किंगमध्येच थंड स्टार्ट करून बघ. पी०३०३ आला, म्हणजे मिसफायर तीनवर गेला, तर कॉइल मेलीये. दोनवरच राहिला तर तसंच प्लगची अदलाबदल करून बघ. तरीही तिथेच राहिला तर मग इंजेक्टर, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हवरचा कार्बन वगैरे, डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जात नाही त्यामुळे तिथे कार्बन साचतो आणि थंड असताना असाच थरथराट होतो. पण आधी फुकटची टेस्ट कर.

रिटायर्ड फिटर

टर्बोठाणेकर, कोल्ड-हॉटचा आणि थंड स्टार्टचा काही संबंध नाही. आणि कोल्ड प्लगने पॉवर वाढत नाही, हे आधी डोक्यातून काढा.

प्लगच्या टोकाला चिनी मातीचं नाक असतं. ते लांब असलं की उष्णता इंजिनच्या हेडपर्यंत (प्लग बसतो तो वरचा भाग) जायला वेळ लागतो, टोक गरम राहतं, तो हॉट प्लग. नाक आखूड तर उष्णता पटकन निघून जाते, तो कोल्ड. टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून साफ होतो, आणि ८०० च्या पुढे फार गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं, पिस्टनला भोक पडायची वेळ येते. रिमॅप करून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवलेल्या गाडीत टोक जास्त तापतं म्हणून एक नंबर कोल्ड टाकतात. तुमची गाडी स्टॉक, आणि चालते घोडबंदरच्या जॅममध्ये. तिथे कोल्ड टाकलात तर टोक ४५० ला पोचणारच नाही, महिन्याभरात काजळी धरेल.

नंबर बघताना एक गोची आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे कोल्ड, बॉशमध्ये बरोबर उलटं. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२. बरेच जण इथेच फसतात. तुमच्या इंजिनला माझ्या माहितीत एनजीकेचा पीएफआर७एस८ईजी येतो, प्लॅटिनमचा, ७ ही त्याची हीट रेंज आणि गॅप (ठिणगी उडी मारते ती फट) ०.८ मिमी. पण माझ्यावर विसंबू नका, चॅसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. इरिडियमचं टोक बारीक असल्याने ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते हे खरं, पण त्याच रेंजचा आणि गॅपचा असेल तरच. नुसत्या नावाला जास्त पैसे मोजू नका.

टर्बोठाणेकर

काका, खूप खूप आभार. काल रात्री कॉइलची अदलाबदल केली, कोड दोनवरच राहिला. मग आज सकाळी गाडी गार असताना चारही प्लग काढले आणि बघतो तर काय, दोन प्लग ७ नंबरचे, दोन ६ नंबरचे! आधीच्या मालकाने कुठे काम केलं देव जाणे. दोन नंबरच्या प्लगची गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्या) बघितली तर १.१ मिमी भरली.

अजून एक, चारही प्लगच्या पांढऱ्या भागावर तळाशी तपकिरी कडं आहे. म्हणजे कॉम्प्रेशन लीक होतंय का? आणि दोन नंबरवर त्याशिवाय वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ आहे, पुसून जात नाही. फोटो टाकतोय. रात्रभर झोप नाही, बायको म्हणते इतकी काळजी माझ्या डिलिव्हरीला नव्हती केलीस.

रिटायर्ड फिटर

तपकिरी कडं विसरा. त्याला कोरोना स्टेन म्हणतात (हो, तो शब्द आमच्या धंद्यात २०२० च्या आधीपासून आहे). हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे बारीक कण तिथे चिकटतात, काही बिघडत नाही.

काळी रेघ मात्र तुमचा चोर आहे. टर्बो भरला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाब वाढला की तीच गॅप उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यात तुमची गॅप ०.८ ची १.१ झालेली. मग ठिणगीने सोपा रस्ता शोधला, आत जाण्याऐवजी बाहेरूनच चिनी मातीवरून घसरत धातूवर. म्हणून पाम बीचला दाबल्यावर झटके आणि जॅममध्ये काही नाही. आता त्या कॉइलचं रबर आतून बॅटरी मारून बघा, तिथेही तशीच रेघ किंवा चीर असणार. असेल तर तीही बदला, नाहीतर नवा प्लग पुन्हा महिन्यात खराब करेल.

आमची ऐरोली

तरी म्हटलं अदलाबदलीत कळलं कसं नाही, रेघ प्लगवर होती ना! कॉइल तीनवर गेल्यावर तिथला प्लग चांगला म्हणून चालून गेली.

प्लग मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात घेणार असशील तर डोळे उघडे ठेव, डुप्लिकेट खूप फिरतात. वॉशर बोटाने फिरवून सहज निघून आला तर संशय घे, खऱ्यात तो अडकलेला असतो. छपाई पुसट, षटकोन खडबडीत, टोक वाकडं, की परत कर. मी एकदा ऑनलाइन स्वस्तात घेतलेले, त्यातले दोन तर एकमेकांसारखे पण नव्हते.

तुर्भेवाला

आणि बसवताना अ‍ॅक्टिवावाल्या काकांना लांब ठेव. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवलास तर थ्रेड घेऊनच बाहेर येईल. गंमत म्हणजे कॉइल मात्र किंचित कोमट असताना सोप्या निघतात, रबर मऊ होतं, त्यामुळे कॉइल कोमट असताना काढ आणि मग जाऊन चहा पी, जेवण कर, पूर्ण गार झाल्यावर प्लग. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक इतक्या वर्षांनी बिस्किटासारखं होतं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नकोस. प्लग सोडवण्याआधी खड्ड्यात हवा मार, ठाण्याची धूळ सिलिंडरमध्ये नको.

१६ मिमीचा मॅग्नेटवाला सॉकेट घे. आधी नुसत्या एक्स्टेन्शनने हाताने फिरव, शेवटपर्यंत हातानेच गेला पाहिजे, अडला तर उलटा फिरवून पुन्हा. मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) २५ ते ३० न्यूटन मीटर. थ्रेडला ग्रीस, अँटीसीझ (थ्रेड जाम होऊ नये म्हणून लावतात ती पेस्ट) काही लावू नकोस, त्याने टॉर्क रेंच फसतो आणि जास्त आवळला जातो. रेंच नसेल तर माझा घेऊन जा, तुर्भे नाक्याला ये.

टर्बोठाणेकर

अपडेट देतो. काकांनी सांगितलं तसंच, दोनच्या कॉइलच्या रबराला आतून केसासारखी चीर होती. चार नवे प्लग, चारही ७ चे, आणि एकच कॉइल घेतली. काम पार्किंगमध्येच केलं, तीन तास लागले, त्यातला एक तास सेक्रेटरीला समजावण्यात गेला की ऑइल सांडणार नाही.

सहा दिवस झाले, सकाळी थरथर नाही. आज पहाटे ठाणे-बेलापूर रोडला दाबून बघितली, सरळ गेली, स्कॅनरमध्ये एकही कोड नाही. तुर्भेवाला भाऊ, रेंच शनिवारी आणून देतो, आणि रिटायर्ड फिटर काका, ठाण्यात असाल तर मामलेदारची मिसळ माझ्याकडून, तिखट किती झेपतं ते तेवढं आधी कळवा.