घरात पहिला व्हिडिओ गेम आला तेव्हा... अनुभव सांगा

रेल्वे_क्वार्टर
परवा पोरासाठी पीएस ५ (टीव्हीला लावायचं सोनीचं गेम मशीन) घेतला. जळगाव ते भुसावळ तो खोका मांडीवर घेऊन बसले, पाय बधिर झाले. संध्याकाळी पोरगा शहाण्यासारखा अभ्यास उरकून टीव्हीसमोर हजर. चालू केला तर आधी अपडेट. मग डिस्क टाकली तर ती कॉपी होत बसली. मग त्या गेमचं वेगळं अपडेट! साडेदहाला पोरगा कंट्रोलर हातात धरूनच झोपला आणि मी एकटी ती पट्टी सरकताना बघत बसले.

तेव्हा १९९४ आठवलं. शेजारच्या काकांनी मुंबईहून टीव्ही गेम आणला होता. कॅसेटवर '९९९९९९ इन वन', आत गेम मोजून आठ. काका अँटेनाची वायर काढून त्याची पिन खोचायचे, चॅनेल जुळवत बसायचे, आणि मुंग्यांमधून मारिओ दिसला की अख्खी चाळ ओरडायची. मुलींचा नंबर शेवटी. माझा यायचा तोवर लाईट गेलेली. तुमचं काय?

यावल_केळीवाला
फुंकर राहिली ताई!! कॅसेट काढा, फूऽऽ, परत लावा. त्या फुंकरीचा उपयोग शून्य हे फार उशिरा कळलं. काढून परत बसवल्यावर पिना नीट टेकायच्या, एवढंच. उलट थुंकीने गंज चढायचा.

धुळेकर७८
माझ्या पीएस ५ च्या कागदावर लिहिलंय, ५ ते ३५ अंशांत वापरा. आता बोला. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं. मी कूलर थेट त्याच्या तोंडासमोर लावला तर बायको म्हणे, पाण्याचा कूलर आहे, पन्नास हजारांचं डबडं उडेल. मग एसीच्या खोलीत हलवला. तिथे बाबा झोपतात. नऊ वाजता!

अमळनेरची_पोर
@धुळेकर७८ बाबांनाच शिकवा ना 😂

धुळेकर७८
शिकवलं. पहिल्या दिवशी "हाई काय लई उना रे भो?" म्हणत होते. आता क्रिकेटमधून उठत नाहीत. माझा नंबर अजून आलेला नाही.

चाळीसगाव_जंक्शन
वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. काँट्रा गेममध्ये या क्रमाने बटणं दाबली की ३० लाईफ. तेराचा पाढा विसरलो, हे नाही.
बाय द वे आपले ते डबे म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ मशीन जपानात १९८३ चं. आपण शिळंच खात होतो, पण गोड लागलं.

नाव_नको
दिवाळीत माळा आवरताना आमचा गेम सापडला, बदकं मारायच्या बंदुकीसकट. नव्या टीव्हीला लावला, गेम चालू, बंदूक मुकी. ती जुन्या डब्बा टीव्हीवरच चालते म्हणे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला डोळा तो टिपतो. नव्या टीव्हीत चित्र उशिरा उमटतं. आणि जुना टीव्ही आईने महिन्यापूर्वीच भंगारात दिलेला. १५० रुपये. भाऊ आईशी दोन दिवस बोलला नाही. वय ४३.

सावद्याची_सून
अरेरे, भाऊंसाठी वाईट वाटलं, पण हसू आवरेना 🙈
@रेल्वे_क्वार्टर ताई, त्यात ॲस्ट्रोज प्लेरूम नावाचा गेम आधीपासून असतो हो! दुसरं अपडेट होईपर्यंत तो लावून द्यायचा. आणि पहिल्या मॉडेलवर जागा ८२५ जीबी लिहिलेली असली तरी हातात ६६७ च पडतात, तीन-चार मोठे गेम भरवले की आधीचे पुसा. भाकरी करपतेय, नंतर लिहिते.

रेल्वे_क्वार्टर
आत्ता सांगताय! लावला काल. त्यात बेडकाचा स्प्रिंगवाला पोशाख घातला की बटण खरोखर स्प्रिंगसारखं बोटाला उलटं दाबतं, मी दचकलेच. पोरगा मागे उभा, "आई, आता मला." म्हटलं, थांब जरा.

यावल_केळीवाला
लाईट जाईपर्यंत थांबेल बिचारा 😄

सावद्याची_सून
भाकरी गेलीच. ताई, तुम्ही भुसावळला नेमक्या कुठे? माझं माहेर तिथलंच.

अमळनेरची_पोर
विषयांतर होतंय, पण बामणोदची वांगी आली का बाजारात? रविवारी भरीत करायचंय, दहा माणसं आहेत.

यावल_केळीवाला
आलीत की. किती किलो पाठवू?