६ फुटी मरीन टँकचं प्लंबिंग: संप टँकखाली की ड्राय बाल्कनीत?

घोडबंदरी
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक घरात बरीच वर्षं आहेत, आता एकदाचा मोठा मरीन (खाऱ्या पाण्याचा) करायचं ठरलंय. (बायकोची परवानगी मिळालीये, हॉलमध्ये पाणी सांडलं की ती आपोआप रद्द होणार अशी अट आहे.) टँक ६ बाय २ बाय २ फूट, १२ एमएम काच, काचवाल्याला ऑर्डर अजून दिली नाहीये म्हणजे भोकं कुठे आणि किती ते आत्ताच ठरवायचंय. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहतो, हॉलच्या भिंतीच्या पलीकडेच ड्राय बाल्कनी आहे, तर डोक्यात असं आहे की संप (खालची फिल्टरची टाकी), स्किमर (घाण फेसातून काढणारा), पंप, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) सगळं बाल्कनीत टाकायचं, भिंतीला दोन कोअर (गोल भोकं) मारायचे आणि हॉलमध्ये नुसता टँक, आवाज शून्य. आमचा प्लंबर म्हणतो ओव्हरफ्लोला (टँकमधून संपात पाणी उतरतं तिथे) दीड इंची एकच पाइप बास आहे आणि रिटर्नला (पंपाने पाणी परत वर जातं त्या पाइपला) एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व, टाकला की लाइट गेली तरी पाणी खाली येणार नाही. पटतंय पण भीती पण वाटतेय. खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात.

नेरूळची_प्रवाळ
दादा, प्लंबर तुमचा चांगला असेल पण तो बाथरूमचा विचार करतोय. टँकचं प्लंबिंग चालू असताना कोणालाही जमतं, प्रश्न असतो तो लाइट गेल्यावर आणि पाइप तुंबल्यावर काय होतं हा. तिथून उलटं डिझाइन करा.

आधी लाइट. पंप बंद पडला की रिटर्नचा नोझल पाण्याखाली जितका बुडालाय तिथपर्यंत पाणी सायफनने उलटं संपमध्ये येतं. तुमचा टँक १८० बाय ६० सेंमी, म्हणजे एकेका सेंटीमीटरला जवळपास ११ लिटर. नोझल १० सेंमी खाली ठेवलात तर शंभराच्या वर लिटर एकदम संपात, आणि संप भरलेला असेल तर तिथून थेट सेक्रेटरींच्या छतावर. नोझल दीड-दोन सेंमीच बुडवा, वर पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडा म्हणजे पाणी उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, टूथपिकने मधून मधून साफ करायचं. एनआरव्हीच्या भरवशावर राहू नका, खाऱ्या पाण्यात त्याच्या फ्लॅपवर कॅल्शियम बसतं, एखादी गोगलगाय पण जाऊन बसते, मग तो पूर्ण मिटत नाही. टाकायचाच तर टाका पण तो नाहीच असं धरून संपमध्ये जागा सोडा. तुमच्या टँकला नोझल, ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपमधलं मिळून ४०-५० लिटर तरी खाली येणार, ४ बाय दीड बाय दीड फुटाचा संप साधारण अडीचशे लिटरचा होतो, तो निम्म्याच्या जरा वर चालवा.

आता ओव्हरफ्लो. एक पाइप म्हणजे तो तुंबला की खेळ खलास, रिटर्न पंप संपचं पाणी वर ढकलत राहणार आणि टँकच्या काठावरून हॉलमध्ये. कमीत कमी दोन पाहिजेत. हर्बी पद्धत म्हणतात त्यात एक पाइप पूर्ण पाण्याने भरून फुल सायफनवर चालतो, त्याला खाली व्हॉल्व लावून पातळी सेट करायची, दुसरा त्याच्यापेक्षा उंच आणि कोरडा, फक्त इमर्जन्सीला. हवा आत जात नाही त्यामुळे गुडगुड आवाज पण येत नाही, तुमचा आवाजाचा प्रश्न बाल्कनीत न जाताच सुटला. बीन अ‍ॅनिमल हवं असेल तर तिसरा पाइप येतो जो थोडं जादाचं पाणी हवेसकट खाली नेतो, मग व्हॉल्वशी सारखं खेळावं लागत नाही. काच अजून कापलेली नाहीये तर मी तुमच्या जागी तीन भोकंच पाडून घेईन. भोकं नंतर वाढवता येत नाहीत, बुजवता मात्र येतात. आणि काच टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेली) नको हे काचवाल्याला बजावून सांगा, टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो.

पंपवाला_रबाळे
ताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर. मी सामानाबद्दल बोलतो कारण माझा धंदाच तो आहे.

१. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असतं, इथे त्याची गरज नाही. यूपीव्हीसी शेड्युल ४० घ्या. पण इथे एक मोठा घोळ होतो. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला इंची यूपीव्हीसी आणि शेतीचा एमएमवाला पाइप हे दोन वेगळे माप आहेत. दीड इंचीचा बाहेरचा व्यास ४८.३ एमएम, शेतीवाला ५० चा ५०. सव्वा इंची ४२.२, तो ४० एमएमच्या फिटिंगमध्ये जाणारच नाही. आणि ऑनलाइन येणारे चायनाचे टँक कनेक्टर (काचेच्या भोकात बसवायचे जोड), व्हॉल्व बरेचसे एमएममध्ये असतात. दुकानदार म्हणेल सोल्यूशन (पाइप चिकटवायचं) जास्त लावा बसेल, अजिबात ऐकू नका. पहिले कनेक्टर घ्या, मग त्याच्या मापाचा पाइप.

२. पितळ कुठेही नको. आपल्याकडे थ्रेडवाल्या एल्बो, एफटीए (थ्रेडवाला जोड) मध्ये आतून पितळेचा इन्सर्ट असतो, प्लंबर सवयीने तोच आणतो कारण नळाला तोच लागतो. पितळात तांबं, आणि तांबं म्हणजे कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सगळ्यांना विष. गेट व्हॉल्व मागितला की पण पितळेचाच पुढ्यात येतो. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व नेहमीच्या दुकानात मिळत नाही, मुंबईत नागदेवीला इंडस्ट्रियल व्हॉल्ववाल्यांकडे विचारा. बॉल व्हॉल्वने पण काम होतं पण पातळी सेट करताना जीव जातो, केसभर फिरवला की पाणी इंचभर वर.

३. पंपावर लिहिलेला आकडा शून्य हेडचा, म्हणजे पाणी वर न चढवता मिळणारा, असतो. तुमच्या टँकमध्ये ६८० लिटर, तासाला पाचपट धरा म्हणजे ३४०० लिटर, हे साडेचार-पाच फूट उंचीवर मिळालं पाहिजे, त्यात एल्बोचा लॉस वेगळा. पंपाचा कर्व्ह (किती उंचीवर किती पाणी देतो तो आलेख) बघून घ्या, डीसी घेतला तर कमीजास्त करता येतो. ९० डिग्रीच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन टाका. पंपाच्या जवळ युनियन (उघडता येणारा जोड) हवाच, नाहीतर साफ करायला पाइप कापावा लागेल. ड्रेन दीड इंचीच ठेवा, एक इंचीत ३४०० लिटर जाईल पण व्हॉल्व जवळजवळ पूर्ण उघडा, मार्जिनच उरत नाही.

खाडीकिनारी
एवढा खर्च करता, पाणी तरी फुकटचं आणा, ठाण्याची खाडी काय लांब आहे का 😄

नेरूळची_प्रवाळ
आणा आणि आम्हाला फोटो पाठवा, टँकमध्ये फ्लेमिंगो उतरतील. चिखल आणि सांडपाणी आहे ते. आरओ-डीआयचं (आरओनंतर रेझिनमधून गाळलेलं) शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी आणि त्यात मरीन सॉल्ट, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, त्यात बहुतेक वेळा मुद्दाम मिनरल सोडलेले असतात. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येत असेल तर डीआय रेझिन लवकर संपणार एवढं धरून चाला.

सिव्हिल_कोपरखैरणे
कोणी भिंतीबद्दल बोललंच नाही. घोडबंदर रोडचा टॉवर म्हणताय, मिवान शटरिंगचा आहे का? असेल तर ती भिंत विटांची नाही, आरसीसी आहे, आत सळ्या आहेत आणि ती स्लॅबचा भार घेते. तिच्यात कोअर मारायचा विषयच नाही, निदान स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी कागदाशिवाय तरी नाही. त्यामुळे संप बाल्कनीत हा प्लॅन तिथेच संपतो. तसंही टँक आणि संप एकाच फ्लोअरवर असताना ड्रेन ७-८ फूट आडवा न्यायचा, मध्ये पाइप जरा लटकला की हवा अडकणार.

दुसरं, वजन. पाणी ७०० किलो, काच सव्वाशेच्या आसपास, स्टँड, दगड, खाली संप, सगळं मिळून ११००-१२०० किलो १२ चौरस फुटावर. म्हणजे चौरस मीटरला एक टनाच्या आसपास, आणि घराच्या खोल्यांचा लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) आयएस ८७५ या भारतीय मानकात २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलो धरलेला असतो. ते २०० पूर्ण खोलीभर धरलेले असतात हे खरं, म्हणून लगेच स्लॅब पडतो असं नाही, पण टँक खोलीच्या मध्ये नको, आरसीसी भिंतीला लांब बाजूने चिकटून ठेवा. जी भिंत तुम्हाला फोडायची होती तीच इथे कामाला येते. तरी इंजिनिअरला नकाशा दाखवाच.

घोडबंदरी
बाप रे. हो मिवानच आहे, हँडओव्हरच्या वेळी बिल्डरने भिंत फोडायची नाही म्हणून सही पण घेतली होती, विसरलोच होतो. मग संप टँकखाली फायनल. पण चिलरचं काय? तो स्टँडमध्ये ठेवला तर हॉलची भट्टी होईल. आणि पाणी बदलायला बादल्या उचलायच्या नाहीयेत, कंबर गेलीये.

नेरूळची_प्रवाळ
चिलर बाल्कनीतच ठेवा, फक्त भिंतीतून नको, एसीचा कॉपर पाइप बाहेर जायला बिल्डरने जी स्लीव्ह सोडलेली असते ती बघा रिकामी आहे का, नाहीतर बाल्कनीच्या स्लायडिंगच्या कोपऱ्यातून. चिलरच्या दोन्ही पाइपांना एसीवाल्यांचं काळं इन्सुलेशन चढवा नाहीतर मे महिन्यात जे थंड केलं ते बाल्कनीतच गरम होऊन परत येईल, पावसाळ्यात पाइपला घाम येऊन लादी ओली होईल ते वेगळंच. त्याला पंप वेगळा द्या, रिटर्नमधून टी (फाटा) काढू नका. चिलरला ठराविक फ्लो लागतो, तो त्याच्या लेबलवर असतो, आणि टँकचा फ्लो कमीजास्त करताना त्याचा बिघडायला नको. २५-२६ डिग्रीला सेट करा.

पाणी बदलायला, संपमधल्या रिटर्नच्या कप्प्यातून छोट्या पंपाने ब्रेडेड होजने बाल्कनीच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडा. मिठाचं पाणी मिसळायचा ड्रम पण बाल्कनीत, तिथूनच दुसऱ्या होजने आत. कंबर शाबूत.

लाइटचा बोर्ड संपच्या वर आणि बाजूला, खाली कधीच नाही, प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या म्हणजे थेंब वायरवरून प्लगमध्ये जात नाही. ३० एमएचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर मासे आणायच्या आधी तो.

आणि दगड ड्राय रॉकच (कोरडा, जीव नसलेला) घ्या. कोणी समुद्रातला लाइव्ह रॉक, प्रवाळ स्वस्तात देतो म्हणाला तर लांब राहा. आपल्याकडचे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्युल १ मध्ये आहेत.

पंपवाला_रबाळे
टेस्टिंग राहिलं. सोल्यूशन लावल्यावर २४ तास पाणी सोडू नका. कनेक्टरचा रबर वॉशर कॉलरच्या बाजूला येतो, नटच्या बाजूला नाही, आणि पान्याने आवळू नका, हाताने टाइट करून वर पाव फेरा. सिलिकॉन थापायची गरज नसते. मग साध्या नळाच्या पाण्याने भरा, मीठ आत्ताच नको, दोन दिवस चालू ठेवा. त्यात मेन स्विच बंद करून संप कुठपर्यंत भरतो तिथे मार्करने रेघ मारा. मग पंप चालू ठेवून मेन ड्रेनचा व्हॉल्व पूर्ण बंद करा आणि इमर्जन्सी पाइप एकटा पाणी झेपवतो का बघा. नाही झेपवलं तर पंप मोठा आहे किंवा पाइप लहान.

घोडबंदरी
सगळ्यांचे आभार, खरंच. इंजिनिअरला रविवारी बोलावलंय. काचवाल्याला आज व्हॉट्सअ‍ॅप केलं, मागच्या काचेला वर डावीकडे ओव्हरफ्लो, ड्रेनला तीन भोकं, रिटर्नला एक. तो म्हणतो दीड इंची पाइप ना, मग दीड इंचीचीच भोकं पाडतो.

पंपवाला_रबाळे
थांबवा त्याला!! पाइप दीड इंची असला तरी कनेक्टरची बॉडी त्याच्यापेक्षा बरीच जाड असते, भोक तिच्या मापाचं लागतं. कनेक्टर विकत घ्या, त्याच्या हातात द्या, मग डायमंड होल सॉ लावू दे. काठापासून आणि दोन भोकांच्या मध्ये निदान एका भोकाएवढी काच सोडायला सांगा.