ग्रॅमीसाठी 'निवड' झाली म्हणजे नक्की काय झालं? आणि शक्तीचं बक्षीस टीव्हीवर का नव्हतं?

शंकेखोर
नमस्कार मंडळी. परवा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं की ओळखीतल्या एका कलाकाराच्या अल्बमची ग्रॅमीसाठी निवड झाली. झालं, हारतुऱ्यांचे इमोजी सुरू, रविवारी क्लबहाऊसमध्ये सत्कार ठरला, शाल कोण आणणार इथपर्यंत गाडी गेली. मी आपलं सहज ग्रॅमीच्या साइटवर नामांकनांची यादी उघडून बघितली तर त्यात हे नाव कुठेच नाही, दोनदा बघितलं, सगळे विभाग बघितले. मग ही निवड कसली?

दुसरं म्हणजे 2024 ला आपल्या शक्ती या फ्युजन ग्रुपला ग्रॅमी मिळालं तेव्हा मी सोमवारी सकाळी साडेसहापासून कार्यक्रम लावून बसलो होतो, टेलर स्विफ्ट आली, मायली सायरस आली, बिली आयलिश आली, पण त्यातले झाकीरभाई (तबलावादक झाकीर हुसेन) आणि गायक शंकर महादेवन स्टेजवर येताना दिसलेच नाहीत आणि बातम्या म्हणतायत की बक्षीस तर मिळालं. हे कधी दिलं? आणि मुळात हे ठरवतं कोण, ज्युरी असते का, का किती लोकांनी ऐकलं त्याच्यावर असतं? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, ग्रुपवर विचारलं तर मला जळका म्हणतील.

ऑडिओ_अण्णा
जळका म्हणणारच, तयारी ठेवा :)

बघा, ग्रॅमी देते ती रेकॉर्डिंग अकॅडमी, ही संगीतात काम करणाऱ्या लोकांचीच संघटना आहे, गायक, वादक, संगीतकार, प्रोड्युसर, साउंड इंजिनिअर वगैरे. मत देणारे मेंबर 2024 ला साधारण तेरा हजार होते. प्रेक्षकांचं मत नाही, बंद खोलीतली पाच जणांची ज्युरी नाही, आणि विक्री किंवा स्ट्रीमिंगचे आकडे तर अजिबात धरत नाहीत. यूट्यूबवर कोटीत व्ह्यूज असले तरी तिथे त्याला किंमत शून्य.

सुरुवात होते एंट्रीपासून. ठराविक मुदतीत आलेलं रेकॉर्डिंग पाहिजे, उदा. 2024 च्या सोहळ्यासाठी 1 ऑक्टोबर 2022 ते 15 सप्टेंबर 2023 या काळात आलेलं, आणि ते अमेरिकेत लोकांना उपलब्ध पाहिजे. मग रेकॉर्ड कंपनी किंवा अकॅडमीचा मेंबर ते ऑनलाइन भरतो. अशा एंट्र्या दरवर्षी हजारोंनी येतात. त्यानंतर जाणकारांच्या कमिट्या बसतात, पण त्यांचं काम चांगलं वाईट ठरवायचं नसतं, हे नियमात बसतं का आणि कुठल्या विभागात टाकायचं एवढंच. मग पहिल्या फेरीचं मतदान होतं आणि त्यातून जी नावं येतात ती नामांकनं, बहुतेक विभागांत पाच, मोठ्या विभागांत आठ. शेवटी दुसरी फेरी, मोजणी डेलॉइट ही बाहेरची हिशेब तपासणारी कंपनी करते.

आता तुमच्या फॉरवर्डमधली निवड बहुतेक त्या हजारोंच्या यादीतली असणार. म्हणजे फॉर्म भरला आणि तो बाद झाला नाही. मतपत्रिकेवर नाव आलं की त्याचा स्क्रीनशॉट काढून पेपरवाल्यांना पाठवतात आणि पेपरवाले 'ग्रॅमीच्या शर्यतीत' असं छापून मोकळे. अकॅडमी स्वतः फक्त नामांकन मिळालेल्यांनाच नॉमिनी म्हणते.

टीव्हीचं सांगतो. 2024 ला एकूण 94 विभाग होते, एवढे तीन साडेतीन तासांत गाणी बजावणी सकट बसणार कसे. म्हणून टीव्हीवर दहाच्या आसपासच देतात आणि बाकीचे सगळे त्याच दिवशी दुपारी, प्रीमियर सेरेमनी म्हणून वेगळा कार्यक्रम असतो त्यात. तो नेटवर लाइव्ह दाखवतात, फुकट. लॉस एंजेलिसची दुपार म्हणजे आपली रविवार संपून सोमवारची पहाट, दोनच्या पुढे. तुम्ही साडेसहाला उठलात तोवर शक्तीवाले बक्षीस घेऊन, फोटो काढून मोकळे झाले होते.

फुकटचा_सल्ला
थोडक्यात, सगळं ओळखीवर. तेरा हजार लोकांनी हजारो रेकॉर्ड ऐकल्या असं अण्णा तुम्हाला खरंच वाटतं? नाव बघून टिक करत असतील. आपल्या सोसायटीच्या निवडणुकीसारखं, कोण उभा आहे कुणाला माहीत नसतं पण ज्याने दिवाळीत मिठाई दिली त्याला मत.

ऑडिओ_अण्णा
@फुकटचा_सल्ला, सगळे सगळं ऐकत नाहीत हे खरं आहे आणि अकॅडमीलाही ते माहीत आहे, म्हणून तर मर्यादा घातली. मुख्य सहा विभाग सगळ्यांना खुले, बाकी प्रत्येकाने जास्तीत जास्त दहा विभागांत मत द्यायचं आणि तेही तीन क्षेत्रांच्या, म्हणजे विभागांच्या गटांच्या, आत. म्हणजे मेटलवाल्याने उगाच गॉस्पेलमध्ये (चर्चमधली गाणी) नाक खुपसायचं नाही अशी अपेक्षा. पण ग्लोबल म्युझिक हे लॅटिन, रेगे आणि न्यू एज (ध्यानाला लावतात तसलं संगीत) यांच्याबरोबर एकाच क्षेत्रात टाकलंय, त्यामुळे साल्सा वाजवणारा माणूस भारतीय अल्बमलाही मत देऊ शकतो आणि देतो. तिथे ओळखीचं नाव असणं उपयोगी पडतं, हे नाकारत नाही. मेंबर लोक एकमेकांना मेल टाकतात, माझं एकदा ऐका म्हणून.

पण ओळखीवर सगळं असतं तर 2024 ला बर्ना बॉय आणि डेव्हिडो दोघं हरले नसते. ग्लोबल अल्बममध्ये शक्तीसमोर हे दोघे नायजेरियन स्टार होते, शिवाय पेरूच्या सुसाना बाका आणि बोकांते ग्रुप. बर्ना बॉय तर त्याच रात्री मुख्य स्टेजवर गायला.

तीनताल
मी तबला शिकतो त्यामुळे त्या रात्री झोपलोच नव्हतो, नेटवर दुपारवाला कार्यक्रम बघत होतो (तिकडची दुपार). खरं सांगायचं तर सगळे शक्ती शक्ती करतात पण माझ्यासाठी त्या दिवसाची गोष्ट दुसऱ्याच अल्बमची आहे. झाकीरजींना त्या दिवशी तीन मिळाली, एका दिवसात तीन ग्रॅमी मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यातलं शक्तीचं 'धिस मोमेंट' एक. बाकी दोन बेला फ्लेक, एडगर मायर आणि राकेश चौरसियांबरोबरची, 'अ‍ॅज वी स्पीक' या अल्बमला काँटेम्पररी इन्स्ट्रुमेंटल विभागात आणि त्यातल्याच 'पश्तो' या रचनेला ग्लोबल परफॉर्मन्समध्ये. बेंजो, डबल बेस, बासरी आणि तबला, कागदावर हे चार एकत्र कसे वाजतील कळतच नाही. पश्तो म्हणजे आपला सात मात्रांचा ठेका, आणि बेंजोवाला माणूस त्या सातात असा फिरतो की जन्मभर तेच करत आलाय. तबला तिथे कुठेही मी मी करत नाही, बाकी तिघांना जागा करून देतो आणि मधेच डग्ग्याचा एक मींड असा येतो की मी तेवढाच तुकडा परत परत लावतो. राकेशजींना दोन मिळाली त्याची तर आपल्याकडे नीट बातमीच झाली नाही, सगळे मथळे झाकीरजी आणि शंकरजी.

आणि काका, त्याच परफॉर्मन्स विभागात 'अबंडन्स इन मिलेट्स' पण नामांकनात होतं, फाल्गुनी आणि गौरव शहा यांचं भरडधान्यावरचं गाणं, ज्यात पंतप्रधानांच्या भाषणाचा तुकडा आहे. त्याची चर्चा आपल्याकडे पश्तोपेक्षा दसपट झाली आणि बक्षीस पश्तोला गेलं.

चेंबूरकर
शंकर आमच्या चेंबूरचा, तेव्हा आम्हाला त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आहे :) लोक त्याला ब्रेथलेसवाला म्हणून ओळखतात, पण तो श्रीनिवास खळ्यांकडे शिकलाय हे बऱ्याच मराठी लोकांनाही माहीत नसतं. कट्यारचं संगीत करताना ते ऐकू येतं. बक्षीस घेताना त्याने ते बायकोला अर्पण केलं, ते ऐकून आमच्या घरी मला टोमणा बसला तो वेगळाच.

शक्ती हा काही नवा ग्रुप नाही हे तरुण मंडळींसाठी सांगतो. 1970 च्या दशकात गिटारवर जॉन मॅक्लॉक्लिन, तबल्यावर झाकीर, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम यांनी सुरू केला. मध्ये बंद पडला, मग रिमेंबर शक्ती म्हणून परत आला, त्यात मँडोलिनवर यू. श्रीनिवास होते, ते 2014 ला गेले. 'धिस मोमेंट' हा ४५ वर्षांहून जास्त काळानंतरचा स्टुडिओ अल्बम. या अल्बममध्ये सेल्वगणेश आहे तो विक्कूंचाच मुलगा. बापाने 1992 ला अमेरिकन ड्रमर मिकी हार्टच्या प्लॅनेट ड्रम या अल्बममध्ये ग्रॅमी घेतलं, झाकीरही त्यात होता, आणि मुलाने 2024 ला.

जर्सीकर_काकू
इथे अमेरिकेत बसून सांगते, सामान्य अमेरिकन माणसाला प्रीमियर सेरेमनी नावाचं काही असतं हेच माहीत नाही. माझ्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी सगळे टेलरच्या चौथ्या अल्बम ऑफ द इयरबद्दल बोलत होते. मी झाकीरभाईंचं सांगितलं तर एकाच माणसाला माहीत होतं, तो स्वतः बेंजो वाजवतो, बेला फ्लेकमुळे!

मला राग आला तो 2025 ला. झाकीरभाई डिसेंबर 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारले, आणि फेब्रुवारीत टीव्हीवर दिवंगतांना श्रद्धांजलीचा जो भाग असतो त्यात त्यांचं नाव नाही. आदल्याच वर्षी तीन दिलेत ना तुम्ही त्यांना? भारतात बरीच ओरड झाली, इथेही लोकांनी लिहिलं. अर्थात तेही अण्णा म्हणतात तसंच, ज्याला टीव्हीवर वेळ तो खरा. त्याच वर्षी चंद्रिका टंडन यांना 'त्रिवेणी'साठी न्यू एज विभागात मिळालं, तेही दुपारीच.

आणि अनुष्का शंकरबद्दल कुणी काही बोलत नाही. इतक्या वेळा नामांकन मिळालंय आणि एकदाही जिंकली नाही. म्हणजे निव्वळ नावावर मिळत असतं तर रविशंकरांच्या मुलीला कधीच मिळालं असतं, फुकटचा सल्लावाले भाऊ.

फुकटचा_सल्ला
काकू मान्य, अनुष्काचा मुद्दा तगडा आहे. पण मग द वीकेंड या पॉप गायकाचं काय झालं होतं? 2021 ला त्याचं 'ब्लाइंडिंग लाइट्स' जगभर वाजत होतं आणि एक नामांकन नाही. एक!

ऑडिओ_अण्णा
तो प्रकार खरंच वाईट होता. तेव्हा बऱ्याच विभागांत पहिल्या फेरीनंतर एक गुप्त कमिटी शेवटची नावं ठरवायची, कोण बसलंय ते बाहेर कळायचं नाही. द वीकेंडने बहिष्कार टाकला, बोभाटा झाला आणि अकॅडमीने 2021 मध्येच त्या कमिट्या काढून टाकल्या. 2025 च्या सोहळ्यात तो परत येऊन गायला. बियॉन्सेचंही तसंच, सगळ्यात जास्त ग्रॅमी तिच्याकडे पण अल्बम ऑफ द इयर नाही, हे 2024 ला तिच्या नवऱ्याने जे-झीने स्टेजवरून तोंडावर सुनावलं, आणि पुढच्याच वर्षी 'काउबॉय कार्टर'ला दिलं. आता सुनावलं म्हणून दिलं का अल्बमच तसा होता ते तुम्ही ठरवा, मला अल्बम आवडला.

विभागांची गंमत तर जुनीच आहे. रविशंकरांना पहिलं ग्रॅमी 1968 ला व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या रेकॉर्डला मिळालं तेव्हा वर्ल्ड म्युझिक हा विभागच नव्हता, ते दिलं चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या विभागात. वर्ल्ड म्युझिक 1992 पासून, आणि त्याचं पहिलं बक्षीस चेंबूरकर म्हणाले तेच प्लॅनेट ड्रम. 1994 ला तेच मिळालं विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांना. नंतर नाव बदलून ग्लोबल केलं, आणि 2024 पासून आफ्रिकन संगीताचा वेगळा विभाग काढला, त्याचं पहिलं बक्षीस दक्षिण आफ्रिकेच्या टायला या गायिकेला मिळालं. जगातलं उरलेलं सगळं, पेरूपासून पाकिस्तानपर्यंत, अजून एकाच टोपलीत.

शंकेखोर
वा, एवढं कळलं की आता रविवारच्या सत्काराला जायची धास्ती वाटतेय. अजून एक विचारतो, त्या फॉरवर्डमध्ये खाली असंही होतं की याच कलाकाराने आधी एका ग्रॅमी विजेत्या अल्बममध्ये वाजवलंय, म्हणजे ते ग्रॅमी विजेते झाले का?

ऑडिओ_अण्णा
नाही हो. ग्लोबल अल्बमसारख्या विभागात ती ग्रामोफोनची मूर्ती मुख्य कलाकाराला आणि अर्ध्याहून जास्त अल्बम केलेल्या प्रोड्युसर, इंजिनिअरला मिळते. एका गाण्यात बासरी नाहीतर ढोलकी वाजवली असेल तर अकॅडमीकडे अर्ज करून सर्टिफिकेट मिळतं, विजेत्या रेकॉर्डिंगमध्ये सहभाग होता म्हणून. ते भिंतीवर लावायला काहीच हरकत नाही, आपल्याकडच्या किती वादकांचं नाव तरी कुठे छापून येतं. पण बायोडेटात ग्रॅमी विजेता लिहिणं म्हणजे जरा जास्तच झालं. बाय द वे स्टेजवर हातात देतात ती मूर्ती पण खरी नसते, नाव कोरलेली नंतर घरी येते, कारण पाकीट फुटेपर्यंत नाव कोरणार कुणाचं.

तीनताल
काका सत्काराला जा, उगाच भांडू नका. माणूस चांगलं वाजवत असेल तर ग्रॅमी राहू दे बाजूला, वाजवलं म्हणून शाल द्या की. फक्त बॅनरवर काय छापतायत ते आधी बघून घ्या.

शंकेखोर
बॅनर छापून आलाय. मूर्तीचा फोटो आहे त्याच्यावर, आणि ती ऑस्करची आहे.