आजोबांची पेटी, जुनी वर्तमानपत्रे आणि गावचा इतिहास

डिचोलीकर विचारतात:

नमस्कार. गेल्या चतुर्थीला माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचे) सामान काढण्यासाठी माळ्यावर चढलो असता आजोबांची पत्र्याची पेटी हाती लागली. आजोबा गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. पेटीत १९६३ ते १९७४ या काळातली मराठी दैनिके सालवार लावून सुंभाने बांधून ठेवली आहेत. आजोबा हातात निळी-तांबडी पेन्सिल घेऊनच वर्तमानपत्र वाचत आणि जे पटले नाही त्याच्या समासात आपला शेरा लिहीत, हे मला घरच्यांकडून ऐकून ठाऊक होते. प्रत्यक्ष शेरे आता पाहतो आहे.

एक नमुना देतो. १९६६ च्या एका अंकात आमच्या देवळापासून तरीच्या (होडीच्या) धक्क्यापर्यंतचा रस्ता एका मान्यवरांच्या हस्ते वाहतुकीस खुला झाल्याची तीन स्तंभी बातमी आहे. व्यासपीठावरील उपस्थितांची चौदा नावे तीत आहेत. समासात तांबड्या अक्षरांत आजोबांनी लिहिले आहे : ‘रस्ता अजून नाही. खडी आली आहे.’ त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर, डाव्या कानाला चीर असलेली तांबडी गाय हरवल्याची चार ओळींची जाहिरात आहे आणि तिच्याखाली निळ्या पेन्सिलीने : ‘मिळाली. आमच्याच कुळागरात.’

आता अडचण सांगतो. आमच्या देवस्थानची स्मरणिका निघणार असून तीत गावचा इतिहास लिहिण्याचे काम, मी पेटी उघडल्याची बातमी गावभर झाल्यामुळे, माझ्याकडे आले आहे. कदंब राजांपासून आजपर्यंतचा इतिहास आठ पानांत बसवावा, त्यांतील सहा पाने समितीच्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावीत, अशी सूचना आहे. माझे इतिहासवाचन आजवर पुरवण्यांपुरतेच राहिले. दर १९ डिसेंबरला येणारा गोवा मुक्तिदिनाचा लेख मला आता स्वल्पविरामांसकट पाठ आहे. या जुन्या अंकांवर किती विसंबावे, आणि ते कोणत्या क्रमाने वाचावेत, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त उपसंपादक लिहितात:

आपल्या चौदा नावांचे रहस्य मी सांगू शकतो, कारण अशी नावे मी आयुष्यभर छापली. गावचा वार्ताहर हा बहुधा शिक्षक, टपाल कचेरीतला कारकून किंवा दुकानदार असे आणि त्याला मिळणारे मानधन त्याच्या शाईला पुरत नसे. तो बातमी पाकिटात घालून सकाळच्या कारेरीच्या (प्रवासी मोटारीच्या) चालकाच्या हाती देई आणि ती संध्याकाळपर्यंत आमच्या मेजावर येई. कारेर बंद पडली तर दुसऱ्या दिवशी, पावसाळ्यात तर अदमासच नसे. त्यामुळे बातमीतले ‘काल’ हे वार्ताहराचे काल असते, अंकाच्या तारखेचे नव्हे. इतिहास लिहिताना ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, तर आपल्या गावची जत्रा पंचांगाच्या पुढे दोन दिवस सरकेल.

जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हा आमचा धडा. पण गावच्या बातमीत सर्वांत खाली नावेच असत : सूत्रसंचालन अमक्यांनी केले, आभार तमक्यांनी मानले. ती कापली तर दुसऱ्या दिवशी आभार मानणारे गृहस्थ स्वतः कचेरीत येत, आणि प्रत्येक नावामागे एक अंक खपतो हे वितरण विभाग आम्हाला विसरू देत नसे. म्हणून नावे राहत आणि वरची हकिकत कापली जाई. रस्ता झाला की नुसती खडी पडली, हे सांगणारे वाक्य वार्ताहराने कदाचित लिहिलेही असेल. ते माझ्यासारख्या कोणीतरी कापले असेल.

अंक शेवटच्या पानापासून वाचावा, हा माझा सल्ला. निविदा, लिलाव, देवस्थानच्या महाजनांच्या सभेची सूचना, जमिनीच्या व्यवहारावरील हरकतीची नोटीस, आणि आपली ती गाय. या मजकुरासाठी कोणीतरी पैसे मोजलेले असतात, आणि पदरचे पैसे मोजून छापलेली गोष्ट माणूस सहसा चुकू देत नाही. मृत्यूच्या बातम्याही वाचाव्यात, पण वयाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. छपाईचे खिळे (एकेका अक्षराचे ठसे) जुळवण्याच्या त्या काळात ६ चा ९ व्हायला खिळा उलटा बसणे एवढेच पुरे होते. माझ्या एका मावशीला आमच्याच पानाने तीस वर्षे जास्त आयुष्य दिले आणि मुद्रिते मीच तपासली होती.

पाटोची वाचक लिहिते:

वरील सल्ला मोलाचा आहे, पण त्यात एक भर घालते. कोणताही अंक एकटा वाचू नये. त्याच तारखेचे दुसरे दैनिक शेजारी मांडावे. पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड आहेत. १८३२ साली सुरू झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ते आजचे रूप.

आपल्या पेटीच्या काळात हा उद्योग फारच रंगतदार ठरेल, कारण गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल तीत येतो. १९६२ मध्ये सुरू झालेला ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा. १९६३ मध्ये मडगावहून निघू लागलेले ‘राष्ट्रमत’ विरोधातले, आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या वेळी घरोघर वाचले जात होते. महाराष्ट्रात जाऊ नये हे मत गोव्यातल्या वाचकांना पटवून देणारे हे दैनिक मराठीत निघत होते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला दोनदा सांगावी लागते. निकाल दोन्हीकडे एकच छापला गेला : ‘दोन पाने’ (वेगळे राहावे) १,७२,१९१, ‘फूल’ (विलीन व्हावे) १,३८,१७०, म्हणजे ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला. पुढे त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. आपले मतदार दोन महिन्यांत बदलले नव्हते; त्यांना विलीनीकरण नको होते आणि भाऊसाहेब हवे होते. एकाच दैनिकाचा गठ्ठा वाचणाऱ्याला या दोन गोष्टींपैकी एक तरी चमत्कार वाटते.

कदंबांचे म्हणाल तर आपण डिचोली तालुक्यातले, म्हणजे नार्वे जवळच. सप्तकोटेश्वर हे कदंबांचे दैवत. त्या देवळावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने काम सुरू झाल्याचा शके १५९० (इ.स. १६६८) चा शिलालेख आहे. वर्ष, महिना, तिथी, वार आणि आज्ञा कोणाची, एवढे सांगून तो संपतो. पुरवणीत त्याच्यावर येणारा लेख अर्धे पान व्यापतो आणि तिथी हमखास गाळतो. स्मरणिकेत जागा कमी आहे, ही आपली तक्रार मला म्हणूनच फारशी पटलेली नाही.

जुनी काबिजाद लिहितात:

मी तिसवाडीचा, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादीतला, लिसेवात (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) शिकलेला, त्यामुळे १९६१ पूर्वीचे, पोर्तुगीज अमलातले सांगतो.

या भूमीत छापखाना आला तोच वाट चुकून. अ‍ॅबिसिनियाला जायला निघालेले यंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरले आणि इथेच राहिले. पुढे फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापले गेले, पण त्या आवृत्तीची प्रत आज कोणाच्या पाहण्यात नाही; छापील पुस्तक नाहीसे झाले आणि हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या टिकल्या. छापले म्हणजे राहिले, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वर्तमानपत्र यायला तर १८२१ उजाडले. ते ‘गाझेता द गोवा’ सरकारी होते आणि पाच वर्षांत बंद पडले. ‘ऊ हेराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिक १९०० मध्ये निघाले, १९८३ मध्ये इंग्रजी झाले आणि आजही घरोघर येते. त्याची भाषा बदलली तेव्हा माझ्या वडिलांना, घरातले कोणी परदेशी गेल्यासारखे वाटले होते.

पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आले आणि इथल्या हिंदूंच्या नियतकालिकांना बहर आला. केप्याहून हेगडे देसाई यांचे ‘भारत’ निघाले ते याच मोकळ्या काळात. हुकूमशहा सालाझारची राजवट आली आणि छपाईआधी मुद्रिते अभ्यवेक्षकाकडे (सरकारी सेन्सॉरकडे) जाऊ लागली. तेव्हापासून गोव्याविषयीची खरी बातमी गोव्याबाहेर छापली जाऊ लागली. गोवा मुक्तीचे पुढारी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांचे ‘फ्री गोवा’ मुंबईहून निघे. म्हणून त्या तीस-पस्तीस वर्षांतला गोव्यात छापलेला अंक वाचताना, त्यात काय नाही याची नोंद ठेवावी लागते.

नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेल्या आपल्याकडच्या मुलखातल्या, गावचा इतिहास लिहायचा तर वर्तमानपत्रांच्या मागे जावेच लागेल. देवस्थानची दप्तरे पाहावीत. जुनी पाने मोडीत असतील, कदाचित गोयकानडी या जुन्या लिपीतही. पणजीचा पुराभिलेख विभाग १५९५ चा आहे आणि पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. त्या दप्तरात आयुष्य घालवलेले पांडुरंग पिसुर्लेकर हे आपल्या शेजारच्या सत्तरीतले. त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने काढले, म्हणजे जनमत कौलाच्याच वर्षी. आपल्या पेटीत त्याची बातमी सापडते का, हे पाहण्याची मला उत्सुकता आहे. सापडली तर किती स्तंभांची, तेही कळवावे.

एक मतभेद नोंदवतो. वरील दोन्ही प्रतिसादांत आजोबांच्या पेन्सिलीला कोणी हात लावलेला नाही. मास्तर झाले तरी तेही गावचेच. त्यांचेही मत असणार, वैर असणार, त्या चौदांपैकी कोणाशी बांधावरून भांडणही असेल. समासातल्या मजकुराला दुसरा पुरावा मिळेपर्यंत त्याला शेरा म्हणावे, दाखला म्हणू नये.

मडगावकर लिहितात:

इतिहासातले मला कळत नाही, कागदातले थोडे कळते. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग अक्षरे घेऊन बसतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, त्यामुळे तो आतूनच आम्लाने जळत जातो. वरून प्लास्टिक चढवल्याने ते थांबत नाही आणि मग उलगडताही येत नाही. सुंभ सोडा, त्याने कडा कापल्या जातात. अंक आडवे, सपाट ठेवा आणि पेटी भिंतीला टेकवू नका, कारण आपल्याकडे वाळवी भिंतीतूनच येते. उलगडायचे ते पावसाळा संपल्यावर, आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र पहिल्याच उलगडण्यात काढून घ्या. दुसरे उलगडणे मिळेलच असे नाही.

डिचोलीकर लिहितात:

सर्वांचे आभार. मडगावकरांचे ऐकून दसऱ्यापर्यंत थांबलो, आणि उपसंपादकांचे ऐकून शेवटच्या पानापासून सुरुवात केली.

देवळापासून तरीच्या धक्क्यापर्यंतच्या रस्त्याची निविदा १९६९ च्या एका अंकात सापडली. तीत रस्ता ‘नियोजित’ आहे. म्हणजे खुला झाल्यानंतर तीन वर्षांनी तो योजला गेला आणि त्या बाबतीत आजोबांचा शेरा दाखला ठरला. या अंकावर त्यांनी काहीही लिहिलेले नाही, फक्त निविदेभोवती तांबडे वर्तुळ काढले आहे.

‘जुनी काबिजाद’ यांची शंकाही मात्र खरी निघाली. जनमत कौलाच्या निकालाचा अंक सापडला. ३४,०२१ हा आकडा अधोरेखित केला असून शेजारी पेन्सिलीचे टोक मोडेपर्यंत दाबून एकच शब्द लिहिला आहे : ‘खोटे.’ तो आकडा खोटा असल्याचे त्या वेळी कोणीही म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. खाली दुसऱ्या, बारीक अक्षरांत, ‘मास्तरांनी आज शाळेत शिकवले नाही’ असे लिहिले आहे. अक्षर आजीचे आहे. आजीला लिहिता येत होते, हे आमच्या घरात मला तरी कोणी सांगितले नव्हते.

पिसुर्लेकरांच्या पुस्तकाची बातमी अद्याप मिळालेली नाही. १९६७ चा उत्तरार्ध कसरीने माझ्याआधी वाचून काढला आहे.

स्मरणिकेच्या बैठकीत रस्त्याची हकिकत, निविदेसह, वाचून दाखवली. ती छापू नये असे एकानेही म्हटले नाही. अर्धा तास चर्चा झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर : उद्घाटनाच्या व्यासपीठावरील चौदा नावे पूर्ण द्यावीत, कारण त्यांतल्या नऊ जणांची मुले समितीवर आहेत, आणि दहाव्याचे आडनाव अंकात चुकीचे छापले आहे ते आता तरी दुरुस्त करावे.

गायीला जागा उरलेली नाही.