मदत हवी आहे: फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हमध्येही फोल्डरचे शॉर्टकट होतात

खडूफळा:
नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मार्ग दाखवा.

मी घरी दहावीचे, मराठी माध्यमाचे क्लासेस घेते. विज्ञान-भूमितीच्या प्रश्नपत्रिका बाजारातला डीटीपीवाला श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून देतो, मी घरी तपासते, दुरुस्त्या लिहून पुन्हा त्याच्याकडे पाठवते. ही सगळी ये-जा पेनड्राइव्हवर चालते. घरचा डेस्कटॉप विंडोज १० चा आहे, मुलगाही तोच वापरतो.

पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या चित्रावर तो छोटा बाण येतो आणि साइज दिसते जेमतेम २ केबी. पण क्लिक केलं की फोल्डर उघडतो, आतल्या फाइल शाबूत! म्हणून बरेच दिवस लक्षच गेलं नाही. फुकटातला अँटिव्हायरस टाकला, त्याने काहीतरी पकडून उडवलं, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला की पुन्हा तेच. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून घरीच लावला तरी थोड्या वेळात एक शॉर्टकट तयार. शिवाय अधूनमधून स्क्रीनवर काळी चौकट क्षणभर चमकून जाते.

हे मुळापासून कसं काढायचं? आणि काढल्यावर परत येऊ नये म्हणून काय करू? याच मशीनवर बँकेचं कामही होतं, त्यामुळे धास्ती जास्त.

पाटपाणी:
सरळ विंडोज फॉरमॅट मारा. तासाभरात मोकळे.

सर्किटबोर्ड:
पाटपाणीभाऊ, फॉरमॅट मारून ताई संध्याकाळी तोच पेनड्राइव्ह लावणार आणि उद्या इथेच नवा धागा काढणार. आधी ते कुठून येतंय ते बघू.

ताई, फोल्डर उघडतो ही तर या किड्याची, म्हणजे व्हायरसची, खरी चलाखी. खरे फोल्डर तो लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो. त्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधला ‘टार्गेट’ रकाना वाचा. तिथे लांबलचक ओळ असेल: आधी एक स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालव, मग खरा फोल्डर उघड. म्हणजे तुम्हाला हवं ते मिळतं आणि त्याचंही काम होतं. फक्त त्यावर डबल-क्लिक करू नका.

फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइल दाखवायला सांगा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिकही काढा. ही दुसरी टिक लोक विसरतात, आणि तुमचे फोल्डर नेमके तिच्याच आड असतात. फाइलनावांची शेपटीही (एक्स्टेन्शन) दिसू द्या. शॉर्टकटची शेपटी विंडोज तरीही दाखवत नाही, तो बाणावरूनच ओळखायचा.

आता दोन गोष्टी बघून सांगा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) चालू आहे का? आणि विंडोज सिक्युरिटीत व्हायरस प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ (तपासणीतून वगळलेल्या जागा) आहे, तिथे काय लिहिलंय?

खडूफळा:
डब्ल्यूस्क्रिप्ट आहे, बंद केलं तरी थोड्या वेळाने परत हजर. आणि एक्सक्लूजन्समध्ये एकच नोंद आहे: अख्खा सी ड्राइव्ह. हे आमच्यापैकी कुणी केलेलं नाही. दुकानदाराने विंडोज टाकून दिलं तेव्हा मशीन तसंच घरी आलं.

निवांतपेन्शनर:
झालं! चोराला वॉचमननेच आत घेतलंय. लायसन्सशिवाय विंडोज चालू करायचं तर अ‍ॅक्टिव्हेटर लागतो, तो डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) पकडतो, म्हणून काही दुकानदार डिफेंडरच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवतात. बिल मागितलंत तर लायसन्सचा उल्लेख सापडणार नाही बघा.

सर्किटबोर्ड:
काका, शक्यता तीच जास्त, पण अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले की मालवेअरही अशी नोंद स्वतः करू शकतं. दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी हे लक्षात असू द्या.

ताई, सगळ्यात आधी नेटची केबल काढा. बँकेचा, जीमेलचा पासवर्ड आत्ताच बदला, पण मोबाइलवरून. या मशीनवर बदललात तर नवा पासवर्डही चोरांच्याच हातात. जीमेलच्या सिक्युरिटीत जाऊन हा कॉम्प्युटर साइन-आउट करा, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हायसेसमधूनही उडवा. ब्राउझरमध्ये उघडं असलेलं लॉगिन चोरीला गेलं असेल तर चोराला पासवर्ड लागतच नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा, इथे लिहीत बसू नका.

मग एक्सक्लूजन्समधली ती नोंद काढून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे एरवी पाठोपाठ जागं होणारं पिल्लू तेव्हा झोपलेलं असतं. पंधरा मिनिटं वगैरे लागतात.

काळ्या चौकटीचा माग टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) लागेल. मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ नावाचं, आपोआप सुरू होणारं सगळं दाखवणारं फुकट साधन आहे, ते दुसऱ्या मशीनवर उतरवून आणा. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडला की यादी आटोक्यात येते. स्टार्टअप आणि शेड्यूल्ड टास्कमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’ या फोल्डरांमधून चालणारी स्क्रिप्ट दिसली तर टिक काढा. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. गुलाबी दिसली म्हणून लगेच उडवू नका, प्रिंटरचे जुने ड्रायव्हरही गुलाबी दिसतात.

खडूफळा:
केलं. स्कॅनमध्ये बरंच काही सापडलं. ऑटोरन्समध्ये अपडेटचं नाव घेतलेली एक टास्क होती, दर तासाला ‘अ‍ॅपडेटा’मधली स्क्रिप्ट चालवत होती. टिक काढल्यापासून काळी चौकट नाही, डब्ल्यूस्क्रिप्टही नाही. मग आता फॉरमॅटची गरज आहे का?

सर्किटबोर्ड:
माझं मत: हो, आता मारा. पाटपाणींचा उपाय चूक नव्हता, वेळ चूक होती. डिफेंडर इतके दिवस आंधळा होता, त्या काळात आणखी काय आत आलं याची खात्री कोणीच देणार नाही, आणि मशीन बँकेचं आहे. चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा, ८ जीबीचा पुरतो. इन्स्टॉल करताना जुनी पार्टिशन्स काढून टाका, पण त्याआधी डी ड्राइव्हवर फोटो-बिटो नाहीत ना ते बघा. अ‍ॅक्टिव्हेटर नको. लायसन्स विकत घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर असेल तर सरळ ११ टाका.

निवांतपेन्शनर:
आणि रोजच्या कामाला साधं खातं ठेवा, अ‍ॅडमिन नको. चिरंजीवांना तर नक्कीच साधं! गेमचे ‘क्रॅक’ (पैसे न देता चालवायच्या चोरट्या फाइल) कुठून येतात ते आम्हालाही माहीत आहे.

पाटपाणी:
आता खरं दुखणं, डीटीपीवाला. त्याच्याकडे सगळ्या गावाचे पेनड्राइव्ह येतात, लग्नपत्रिकेपासून ग्रामसभेच्या अहवालापर्यंत. तुम्ही घर कितीही धुतलंत तरी तिथून परत येणार. त्याला मेलवर पीडीएफ पाठवायला सांगा. पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेला असतो, त्यामुळे घरी श्रीलिपी नसली तरी अक्षरांचे चौकोन होत नाहीत. दुरुस्त्या त्यावरच लिहून परत पाठवायच्या.

खडूफळा:
पुढच्या वर्षीच्या पेपरसाठी मला मूळ फाइलही हवी असते, नाहीतर प्रत्येक आकृतीचे पैसे पुन्हा.

पाटपाणी:
तीही मेलवर मागवा, तुमच्या गूगल ड्राइव्हवर ठेवून द्या. आणि सवड मिळेल तसं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी) स्वतः टाइप करायला लागा.

सर्किटबोर्ड:
पेनड्राइव्ह द्यावाच लागला तर एक वेगळा ठेवा, फक्त दुकानासाठी. तो परत आल्यावर घरच्या विंडोजला लावायचा नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘यूएसबी प्रतिरोध’ सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पेनड्राइव्हच्या वापरावर ताबा ठेवतं. पण त्याच्या भरवशावर कुठलाही पेनड्राइव्ह खुपसू नका.

खडूफळा:
शेवटचा प्रश्न. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क या काळात लावली गेली आहे. त्यात मुलाचे लहानपणचे फोटो आहेत. नव्या विंडोजला लावू का?

सर्किटबोर्ड:
थेट नको. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) एका पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन चालू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही. विंडोजचे शॉर्टकट आणि स्क्रिप्ट तिथे चालत नाहीत आणि लपवलेले फोल्डरही कंट्रोल-एच दाबलं की दिसतात. एखाद्या फोल्डरला नावच नसेल तर घाबरू नका, काही किडे सगळा माल अशाच बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबतात. फोटो, पीडीएफ आणि प्रश्नपत्रिका तेवढ्या नव्या डिस्कवर कॉपी करा. प्रोग्रॅम, सेटअप, स्क्रिप्ट, शॉर्टकट तिथेच राहू द्या. फोटो उघडून बघा, सगळे नीट असले की मगच जुनी डिस्क फॉरमॅट करा.