कुंडीत काहीच न भरता ऑर्किड : जमतंय की नुसताच नाद?

रंकाळा_गच्ची
स्पष्टच बोलतो मंडळी, ऑर्किडच्या कुंडीत आपण कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं, मॉस म्हणजे सुकवलेलं शेवाळ, असं जे काय भरतो ना, ज्याला मीडिया म्हणतात, ते कोल्हापूरच्या पावसाळ्यात झाडाच्या अक्षरशः मुळावर उठतंय. माझी फॅलेनॉप्सिस जातीची तीन ऑर्किड दोन पावसाळ्यांत गेली. कुंडी उपसली तर मूळ बोटात धरलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा. चौथं झाड मग वैतागून रिकाम्या कुंडीत ठेवलं, बापट कॅम्पातल्या कुंभाराकडनं बाजूला भोकं पाडून घेतलेली सहा इंची मातीची कुंडी, आत काही म्हणजे काही नाही, झाड काठाला सुतळीनं बांधलेलं. वर्षभरात मुळं आतल्या भिंतीला पालीसारखी चिकटलीत. सकाळी कुंडीसकट बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवायचं, चंदेरी मुळं बघता बघता पोपटी होतात, संपला विषय. यंदा फुलांचे दोन दांडे आलेत. मीडिया बंद करा, एवढंच म्हणणं.

वैशू_राजारामपुरी
दादा, पावसाळ्याचं कौतुक मे महिन्यात सांगा की. मी हाच उद्योग मागच्या जानेवारीत केला, सगळा मॉस सोडवून काढला, मुळं स्वच्छ धुतली, टांगलं. मार्च संपायच्या आत पानं अशी सुरकुतली की सासूबाई म्हणाल्या, वाळवणाला घातलंयस का गं? सकाळी नऊला भिजवून ऑफिसला जायचं आणि अकराला मूळ पुन्हा पांढरं, दुपारी स्लॅब तापल्यावर त्याचे हाल बघायला घरात कोण नाही. मीडिया म्हणजे झाडाची शिदोरी आहे हो. चार दिवस गावाला गेलं तर बादलीत कोण बुडवणार, शेजारच्या काकू?

रंकाळा_गच्ची
जानेवारीत केलंत हीच चूक. थंडीत झाड दांडा काढायच्या मागं असतं. मॉसच्या ओलाव्यात वाढलेलं मूळ एकदम उघड्यावर काढलं की ते वाळणारच, उघड्या हवेला सोसणारी मुळं नवीन फुटावी लागतात. हिरवी टोकं दिसायला लागली की मग काढायचं, मी जूनच्या सुरवातीला काढलं, पहिले तीन महिने आयती दमट हवा मिळाली.

दाजीपूर_भटक्या
दोघंही अर्धं बरोबर आहात. मुळावर जे पांढरं दिसतं ते मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण, पाणी झटक्यात ओढतं आणि ओलं झालं की पारदर्शक होतं, म्हणून आतला हिरवा रंग दिसतो. एकदा हिरवं झालं की झालं, तासभर बुडवून जास्त काही मिळत नाही. राधानगरी-दाजीपूरला सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड मे-जूनला झाडावर लोंबताना बघितली असेल, बरेच जण तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचं काही खात नाही, नुसती बसायला जागा घेते. (आसामात बिहूला मुली हेच फूल केसात माळतात.) पण 'जंगलात कोण मीडिया भरतंय' हे कुणी ऐकवू नका, तिथं खोडावर शेवाळ असतं, वर पानांची सावली असते, धुकं असतं, तुमच्या गच्चीवर पत्रा आणि पाण्याची टाकी.

आणि सगळ्या ऑर्किडना एकच माप लावू नका. वांडा तर थायलंडला नर्सऱ्यांत उघड्या मुळांनीच टांगतात, तिला कुंडीत कोंबणं हाच अन्याय. डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांत पाणी साठतं. फॅलेनॉप्सिसला ती सोय नाही, फक्त पानं आणि मुळं. जमिनीवर वाढणाऱ्या ऑर्किडवर हा प्रयोग करूच नका.

शेवटचं, जंगलातनं एक काडीही आणायची नाही, अभयारण्य आहे ते, गुन्हा होतो.

उद्यमनगरचा_फिटर
एक अडाणी प्रश्न. मातीची कुंडी पाणी पिते आणि दिवसभर सोडते, मग ती भिंत हाच तुमचा मीडिया झाला की भावा! भरला नाही म्हणता आणि चारी बाजूनं बांधून ठेवलाय. तेच झाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्यात जगवून दाखव, मग मानतो.

रंकाळा_गच्ची
बरं बाबा, भिंत मानली. प्लॅस्टिकमध्ये मी केलेलं नाही. पण भिंत कुजत नाही, कुंडीत भरलेली झाडाची साल नि सोडणं दीड-दोन वर्षांत कुजून चिखल होतात आणि मुळांची हवा बंद, फरक तिथं आहे.

वैशू_राजारामपुरी
आणि खताचं काय? धरून ठेवायला आत काहीच नाही.

रंकाळा_गच्ची
म्हणूनच थोडं थोडं. शेतीच्या दुकानात मिळतं ते १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातनं एकदा मुळांवर फवारायचं, तेही आधी साध्या पाण्यानं भिजवून. मे महिन्यात दोन वेळा बुडवावं लागलं हे कबूल करतो, संध्याकाळचं काम बायकोनं केलं, ती सोय सगळ्यांकडं नसते हे पण कबूल. तुम्ही ऑफिसवाले असाल तर तळाला कोळशाचे चार मोठे खडे टाका, मी तुम्हाला बघितलं नाही असं समजतो.

खरा धोका वेगळाच आहे. परवा आईला कुंडी रिकामी दिसली, तिनं झाड उचलून कट्ट्यावर ठेवलं आणि माती भरून कढीपत्ता लावला. चिकटलेली निम्मी मुळं तुटली. आता नवीन कुंडीवर खडूनं 'रिकामी नाही' लिहिलंय.

वैशू_राजारामपुरी
काकींचं काय चुकलं! बरं ते राहू दे, भोकाची कुंडी केवढ्याला पडली ते सांगा, एका झाडावर जूनमध्ये करून बघते. बाकीची मॉसमध्येच राहणार.