प्रति: कलम ५ म्हणजे आपोआप युद्ध?

जपान-अमेरिका सुरक्षा करारातल्या कलम ५ वर (जपानवर हल्ला झाला तर संरक्षणाचं कलम) चाललेल्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की जपानने १९६० च्या करारात सार्वभौमत्व गहाण टाकलं. उलट आहे. गहाण पडलं होतं ते १९५१ च्या करारात: जपान सरकारच्या विनंतीवरून अमेरिकी फौजा देशांतर्गत दंगल मोडू शकत, अमेरिकेच्या संमतीशिवाय तिसऱ्या देशाला तळ देता येत नसे, आणि एकतर्फी बाहेर पडायची सोयच नव्हती. १९६० मध्ये हे तिन्ही गेलं. १० वर्षांनंतर एका वर्षाच्या नोटिशीवर करार संपवता येतो.

खरी मेख कराराबाहेरच्या पत्रव्यवहारात आहे. सैन्यरचनेत वा शस्त्रास्त्रांत मोठा बदल करण्याआधी जपानशी सल्लामसलत ठरली, पण ‘अण्वस्त्रं आणणं’ म्हणजे नेमकं काय हे जाहीरपणे ठरलंच नाही. बंदरात थांबणारी अण्वस्त्रधारी जहाजं अमेरिकेने त्यात धरली नाहीत, आणि टोकियोने त्यावर सोयीस्कर मौन पाळलं.